बाळंतविड्यावरचे फुलपाखरू शुभ मानले जाते का?

सुईदोरा

नमस्कार. मी हाताने भरलेले बाळंतविडे तयार करते. दुपटे, कुंची, झबले आणि अंगडे-टोपडे असा संच असतो आणि त्यावरचे सगळे भरतकाम मी स्वतः करते. मोर, कुयरी, कमळ आणि हत्ती या नक्ष्या मी अनेक वर्षे भरत आले आहे, परंतु अलीकडे फुलपाखराची मागणी पुष्कळ वाढली आहे. मलाही ती नक्षी आवडते, कारण तिच्यात रंगांना वाव मिळतो, साखळी टाका आणि भरीव टाका दोन्ही शोभून दिसतात, आणि कुंचीच्या काठावर बोटाच्या पेराएवढी काढली तरी ती ओळखू येते.

प्रदर्शनांत मात्र मला परस्परविरोधी मते ऐकावी लागतात. काही ग्राहक सांगतात की अंगावर फुलपाखरू बसले की भाग्य उजळते, म्हणून बाळासाठी याहून चांगली नक्षी नाही. काही ज्येष्ठ स्त्रिया तितक्याच ठामपणे म्हणतात की ज्या जिवाचे आयुष्यच चार दिवसांचे, त्याचे चित्र तान्ह्या बाळाच्या अंगावर घालू नये. इंटरनेटवर शोध घेतला तर फुलपाखरू म्हणजे परिवर्तन, आशा आणि सौभाग्य अशी वाक्ये ठिकठिकाणी सापडतात, पण ती समजूत कोणत्या लोकांची आहे आणि त्यांच्या कोणत्या वस्तूवर ती उमटलेली आहे, हे क्वचितच कोणी लिहिते.

मला प्रत्येक संचासोबत एक लहान कार्ड द्यायचे आहे आणि त्यावरचा मजकूर खरा असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. हस्तकलेच्या परंपरांमध्ये फुलपाखराला शुभ मानणारे लोक नेमके कोण आहेत, आणि लहान मुलांच्या कपड्यांशी त्याचा कुठे संबंध येतो का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

नीळ-मेण

सुईदोराताई, "कोणत्या लोकांची आणि कोणत्या वस्तूवर" हा आपल्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग आहे. फुलपाखरू जगभर शुभ असते असे सरसकट म्हणता येत नाही. ज्या समाजात ते शुभ आहे तिथे त्यामागे एखादी ठरावीक कथा असते, आणि ती कथा ठरावीक प्रसंगासाठी, ठरावीक वस्तूवर उतरवली जाते. मी बाटिकचे काम करतो, त्यामुळे ज्या परंपरेचा मी सर्वाधिक अभ्यास केला आहे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. योगायोगाने तिचा संबंध थेट तान्ह्या मुलांशी येतो.

चीनच्या नैर्ऋत्येला ग्वेइचौ नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याच्या आग्नेय भागात, कायली शहराच्या आसपासच्या लेइशान, ताइज्यांग आणि दानजाय या तालुक्यांत म्याओ समाजाची मोठी वस्ती आहे. या भागातील म्याओ लोकांची सृष्टीच्या उत्पत्तीची कथा त्यांच्या प्राचीन गाण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या कथेनुसार एका लिक्विडांबर वृक्षाच्या गाभ्यातून फुलपाखरू-माता जन्माला आली. तिचे पाण्यावरच्या बुडबुड्याशी मीलन झाले आणि तिने बारा अंडी घातली. ती तिला स्वतःला उबवता येईनात, तेव्हा जियू नावाच्या पक्ष्याने ती वर्षानुवर्षे उबवली. त्यांपैकी एका अंड्यातून मानवाचा पूर्वज जियांग यांग बाहेर आला आणि इतर अंड्यांतून मेघगर्जनेचा देव, ड्रॅगन, वाघ, म्हैस, हत्ती, साप आणि गोम असे जीव निघाले. माणूस, प्राणी आणि देव ही सगळी एकाच आईची लेकरे आहेत, अशी ही कल्पना आहे.

यामुळे म्याओ स्त्री जेव्हा बाळाला पाठीशी बांधण्याच्या झोळीवर फुलपाखरू भरते, तेव्हा ती बाळाच्या पाठीवर कुळाच्या आद्य आईला बसवत असते. झोळीचा भरलेला भाग बाळाला झाकतो आणि त्या आजीचे लक्ष नातवंडावर राहते, ही त्यामागची श्रद्धा आहे. ताइज्यांग तालुक्यातील शिदोंग परिसरातल्या जुन्या भरतकामात काही फुलपाखरांना माणसाचा चेहरा काढलेला दिसतो, तो याच कथेमुळे. लग्नकार्यात आणि सणासुदीला मुली जे चांदीचे मुकुट आणि गळ्यातले अलंकार घालतात, त्यांतही फुलपाखरांच्या आकाराची लटकणी असतात आणि चालताना ती किणकिणतात.

आपण स्वतः भरतकाम करता म्हणून तंत्राविषयीही सांगतो. शिदोंगच्या स्त्रिया रेशमाचा एक धागा बोटांनी अनेक बारीक पदरांत सोडवतात आणि प्रत्येक पदर साबणशेंगेच्या रसातून ओढून घेतात. आपल्या शिकेकाईची आठवण यावी अशीच ती शेंग असते. त्या रसाने धागा गुळगुळीत होतो, त्याला तकाकी येते आणि तो विस्कटत नाही. खाली कागदाचा कातरलेला आकार ठेवून त्यावर हा धागा भरीव टाक्याने इतका दाट भरतात की कापड अजिबात दिसत नाही. दानजायमध्ये हेच फुलपाखरू मेणाने काढले जाते. तांब्याचे पातळ पत्रे एकमेकांवर बसवून लाकडी किंवा बांबूच्या मुठीत अडकवलेली लहान सुरी हे तिथले साधन आहे. वितळलेले मधमाश्यांचे मेण पत्र्यांच्या फटींत थोडे थोडे साठून राहते आणि त्यामुळे रेघ न तुटता लांब ओढता येते. नंतर कापड निळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून मेण काढून टाकतात. चीनने २००६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाची पहिली राष्ट्रीय यादी जाहीर केली, तिच्यात म्याओंचे बाटिक, भरतकाम, चांदीकाम आणि ही प्राचीन गाणीही आहेत.

चार दिवसांच्या आयुष्याच्या आक्षेपाला या परंपरेत जागाच उरत नाही, कारण तिथले फुलपाखरू ही आद्य माता आहे. पूर्वजांच्या पूजेचा जो मोठा सण काही गावांत दर बारा-तेरा वर्षांनी येतो, त्यातला ढोलही त्याच लिक्विडांबर वृक्षाच्या लाकडाचा करतात, कारण फुलपाखरू-मातेचे वास्तव्य त्या लाकडात आहे असे मानतात.

दूरदेशी

मी कामानिमित्त बरीच वर्षे जपानमध्ये राहते, म्हणून तिथल्या फुलपाखराविषयी लिहिते. इथे त्याचा शुभ अर्थ प्रामुख्याने लग्नाशी जोडलेला आहे. पारंपरिक पद्धतीच्या लग्नात ज्या भांड्यातून साके (तांदळाचे मद्य) ओततात, त्याच्यावर कागदाची घडी घालून केलेली दोन फुलपाखरे बांधण्याची जुनी रीत आहे. त्यांपैकी एक नर आणि एक मादी मानतात आणि त्यांच्या घड्या थोड्या वेगळ्या असतात. कागदाच्या घड्यांच्या कलेचे जे सर्वांत जुने लिखित उल्लेख आहेत, त्यांत या फुलपाखरांचा उल्लेख येतो. इहारा साइकाकु या कवी-लेखकाने १६८० मध्ये लिहिलेल्या एका कवितेत स्वप्नातली फुलपाखरे कागदाची आहेत असे म्हटले आहे. म्हणजे हाताने घडवलेल्या शुभ फुलपाखराला इथे जवळपास साडेतीनशे वर्षांचा लेखी पुरावा आहे.

राजदरबाराच्या नृत्यपरंपरेतही ते आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या एका नृत्यात चार लहान मुले पाठीला रंगवलेले पंख बांधून आणि हातात यामाबुकीच्या पिवळ्या फुलांच्या डहाळ्या घेऊन नाचतात. हे नृत्य आजही होते. तैरा या योद्ध्यांच्या घराण्याचे कुलचिन्ह फुलपाखरू होते, आणि पुढे इकेदा घराण्यानेही पंख उचललेल्या फुलपाखराचे चिन्ह घेतले. हिमेजी येथील पांढरा किल्ला त्याच घराण्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या रूपात उभारला. त्याच्या छपराच्या कौलांच्या टोकांवर ते फुलपाखरू आजही पाहता येते. मी तिथे गेले तेव्हा मान वर करून बराच वेळ ती कौले पाहत उभी होते, कारण इतक्या भव्य वास्तूवर इतका हलका जीव उमटवलेला पाहणे मला फार सुंदर वाटले.

घरात आलेल्या फुलपाखराविषयीची एक समजूत लाफ्काडिओ हर्न या लेखकाने १९०४ मध्ये नोंदवली आहे. फुलपाखरू पाहुण्यांच्या खोलीत शिरले आणि बांबूच्या पडद्यामागे जाऊन बसले, तर आपले सर्वांत प्रिय माणूस भेटीला येणार आहे असे समजत. आपल्या ग्राहकांची "अंगावर बसले की भाग्य" ही कल्पना याच्या थोडी जवळची आहे, पण इथे भाग्याचा अर्थ पैसा किंवा यश असा नसून प्रिय माणसाची भेट असा आहे.

कासवछाप

वरील माहिती उत्तम आहे, परंतु चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही. ज्या हर्न यांचा उल्लेख झाला, त्यांनीच हेही लिहिले आहे की दहाव्या शतकात तैरा नो मासाकादो हा योद्धा बंडाची तयारी करत असताना क्योतो शहरात फुलपाखरांचे प्रचंड थवे आले आणि ते येऊ घातलेल्या संकटाचे लक्षण समजून लोक भयभीत झाले. फुलपाखरू हा जिवंत किंवा मृत माणसाचा आत्मा असू शकतो, ही समजूत जपानमध्ये खोलवर आहे.

मेक्सिकोचे उदाहरण तर सर्वांत प्रसिद्ध आहे. कॅनडा आणि अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत आलेली मोनार्क फुलपाखरे मिचोआकान आणि मेक्सिको राज्यातील ओयामेल वृक्षांच्या जंगलांत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचू लागतात आणि नेमके त्याच वेळी १ व २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. तिथल्या पुरेपेचा आणि मासाहुआ लोकांची श्रद्धा अशी आहे की घरातील गेलेली माणसेच या रूपाने परत येतात. त्या सणाच्या वेद्यांवर आणि कातरलेल्या कागदी तोरणांवर जी फुलपाखरे दिसतात ती याच अर्थाने. प्राचीन ग्रीक आणि रोमन कलेत सायकी म्हणजे आत्मा, आणि तिला फुलपाखराचे पंख काढलेले असतात. युरोपातील एकोणिसाव्या शतकातल्या अनेक थडग्यांवरही फुलपाखरू कोरलेले आहे.

माझे म्हणणे असे आहे की जगातल्या फार मोठ्या भागात फुलपाखराचा संबंध मृत्यूशी आहे, आणि प्रदर्शनातल्या ज्येष्ठ स्त्रियांची अस्वस्थता अगदीच निराधार नाही. तेव्हा कार्डावर सौभाग्याचा उल्लेख न करता केवळ कापड, धागा आणि टाके यांची माहिती द्यावी, हे अधिक प्रामाणिक होईल.

नीळ-मेण

कासवछाप, आपण दिलेली उदाहरणे योग्य आहेत, मात्र त्यांतून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मेक्सिकोतील त्या घरांमध्ये गेलेल्या माणसाचे परत येणे ही आनंदाची गोष्ट असते. त्याच्यासाठी फुले, जेवण आणि दिवे मांडून ठेवलेले असतात. मृत्यूशी संबंध आला म्हणजे ते अशुभ झाले, हा आपला निकष आहे आणि तो आपण त्यांच्यावर लादू नये. आपल्याकडेही पितृपक्षात कावळ्याची आतुरतेने वाट पाहिली जाते, तिच्यात भीतीपेक्षा आपुलकी अधिक असते.

अल्पायुष्याच्या आक्षेपाला सर्वांत थेट उत्तर चिनी कलेत आहे, कारण तिथे फुलपाखरू चक्क दीर्घायुष्याचे चिन्ह आहे. चिनी भाषेत फुलपाखराचा उच्चार "द्ये" असा होतो आणि सत्तरी-ऐंशीच्या वयासाठी असलेल्या शब्दाचा उच्चारही तसाच आहे. मांजराचा "माओ" हा उच्चार ऐंशी-नव्वदीच्या वयासाठी असलेल्या शब्दाच्या जवळ जातो. म्हणून मांजर फुलपाखराकडे पाहत आहे असे चित्र किंवा भरतकाम वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला भेट देतात, आणि त्यात बऱ्याचदा वैभवाचे चिन्ह म्हणून पेओनीचे फूलही असते. कलिंगड किंवा खरबुजाच्या वेलीवर फुलपाखरे काढली तर अर्थ बदलतो. लहान खरबुजासाठी असलेला शब्दही "द्ये" असाच उच्चारला जातो आणि वेलीवर एकामागून एक फळे धरावीत तसा वंश वाढत राहो, असा तो आशीर्वाद होतो. या कल्पनेचे मूळ शिजिंग या अतिप्राचीन काव्यसंग्रहातील एका ओळीत आहे. दोन फुलपाखरे एकत्र काढली की ल्यांग शानबो आणि चू यिंगताय या प्रेमी जोडप्याची कथा आठवते. जिवंतपणी त्यांचे मीलन झाले नाही, पण मृत्यूनंतर फुलपाखरे होऊन ती दोघे एकत्र उडाली. छिंग राजघराण्याच्या काळातील दरबारी स्त्रियांच्या रोजच्या वापरातील रेशमी झग्यांवर शेकडो फुलपाखरे भरलेली असत आणि त्या झग्यांचे नमुने अनेक संग्रहालयांत आहेत.

रानवाटा

लहान मुलांच्या कपड्यांचा प्रश्न आहे, म्हणून एक महत्त्वाची नोंद जोडतो. उत्तर अमेरिकेतील माँटाना आणि आल्बर्टा भागात राहणाऱ्या ब्लॅकफूट लोकांची अशी समजूत आहे की झोप आणि स्वप्ने फुलपाखरू घेऊन येते. जॉर्ज बर्ड ग्रिनेल या अभ्यासकाने १८९९ मध्ये याविषयी लिहिले आहे. आई चामड्याच्या लहान तुकड्यावर फुलपाखराची खूण भरते आणि बाळाला झोप लागावी म्हणून तो तुकडा त्याच्या केसांत बांधते. ती खूण पंखांचे चित्र नसून चारही हात टोकाकडे रुंद होत गेलेल्या क्रॉसासारखी असते, आणि त्यांच्या रंगवलेल्या तंबूंच्या मागच्या बाजूला, वरच्या टोकाशीही ती दिसते, कारण तंबूच्या मालकाला ती रंगसंगती स्वप्नात मिळाली असे मानतात.

ही खूण मात्र जशीच्या तशी उचलून विकाऊ वस्तूवर भरू नये, असे मला तळमळीने सांगावेसे वाटते. ती एका समाजाची पवित्र खूण आहे आणि तंबूवरचे चित्र तर विशिष्ट व्यक्तीच्या मालकीचे असते. गोष्ट सांगावी, नक्षी आपली असावी.

निसर्गाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. सगळी फुलपाखरे चार दिवसांची नसतात. बहुतेक जाती प्रौढावस्थेत काही आठवडे जगतात, पण स्थलांतर करणारी मोनार्कची पिढी आठ महिन्यांपर्यंत जगते. दुसरे असे की नक्षीसाठी आपल्याच भागातले फुलपाखरू हवे असेल तर ब्लू मॉरमॉन आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. पंखांचा विस्तार साधारण १२ ते १५ सेंटीमीटर, मखमली काळा रंग आणि मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा व काळे ठिपके. पावसाळ्यात आणि त्यानंतर सह्याद्रीच्या परिसरात, इतकेच काय मुंबईतल्या बागांमध्येही ते दिसते, कारण त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. खऱ्या पंखांचे दागिने किंवा चित्रे मात्र कोणी सुचवली तरी घेऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये फुलपाखरांच्या अनेक जाती आहेत आणि त्यांचा व्यापार गुन्हा ठरतो.

सुईदोरा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. रानवाटा यांचे नक्षीविषयीचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. मी ब्लू मॉरमॉन भरायला घेते. काळ्या रंगाचा प्रश्न आहे, कारण बाळंतविड्यावर काळा रंग अनेकांना चालत नाही. पण दृष्ट लागू नये म्हणून बाळाला काळी तीट आपणच लावतो, तेव्हा त्या रंगाला आपल्या घरात जागा आहेच. कडेला काळी साखळी आणि आत गडद निळा भरीव टाका असे करून पाहीन.

आपल्या व्रतांमध्ये आणि चैत्रांगणात ज्या शुभचिन्हांना मान आहे, म्हणजे गौर, सूर्य, चंद्र, शंख, तुळस, कासव, हत्ती, त्यांत फुलपाखराला तसे स्थान नाही. म्हणून ते आपल्या परंपरेतले शुभचिन्ह आहे असे मी लिहिणार नाही. कार्डाचा मजकूर असा योजला आहे: "ब्लॅकफूट लोकांत फुलपाखरू बाळाला झोप आणून देते असे मानतात. चीनमधील म्याओ समाजात ते सर्वांची आद्य माता आहे आणि तिथल्या आया बाळाच्या झोळीवर ते भरतात. या दुपट्यावरचे फुलपाखरू आपल्या सह्याद्रीतले आहे." यात काही चुकीचे असेल तर कळवावे. आणि मांजर-फुलपाखराची नक्षी आजीच्या शालीवर घ्यावी का?

नीळ-मेण

मजकूर योग्य आहे. फक्त "चीनमधील म्याओ समाजात" याऐवजी "चीनच्या ग्वेइचौ प्रांतातील म्याओ समाजात" असे लिहावे, कारण म्याओ आणि त्यांचे ह्मोंग भाईबंद व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडमध्येही राहतात, आणि फुलपाखरू-मातेची ही कथा प्रामुख्याने आग्नेय ग्वेइचौमधली आहे. आजीच्या शालीवर मांजर-फुलपाखरू अवश्य घ्यावे. मात्र तिथे कार्डावर त्या दोन चिनी शब्दांचा खुलासा हवाच, कारण तो नसेल तर पाहणाऱ्याला ते शिकारीचे चित्र वाटेल. फुलपाखरू मांजराच्या पंजापासून बरेच वर ठेवावे आणि मांजराची नजर त्याच्याकडे असावी, म्हणजे जुन्या चिनी चित्रांतली मांडणी साधेल.

दूरदेशी

लग्नाच्या रुखवतासाठी कोणी मागणी केली तर कागदाची जोडी करून पाहावी. पांढऱ्या जाड कागदाच्या दोन वेगळ्या घड्या आणि त्यांना बांधायला लाल-पांढरा पिळाचा दोरा एवढेच साहित्य लागते. नर आणि मादी यांच्या घड्यांतला फरक दाखवणारी रेखाकृती मी काढून इथे पुढच्या प्रतिसादात टाकते.